साण्यापासून जिन्याच्या दारापर्यंत

मे महिन्याच्या मध्यावर बोरीत शून्य सावलीचा दिवस येतो. दुपारी सव्वाबारानंतर काही मिनिटं सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि अंगणात रोवलेल्या खुंटाची सावली खुंटाच्या बुडाशीच गोळा होते. त्या वेळी घराच्या भिंतींवर ऊन जवळपास नसतंच. जे काही पडतं ते सगळं छपरावर. परभणी जिल्ह्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो ते दिवसही हेच. तरी उन्हाळ्याची तयारी म्हणून आपण काय करतो? खिडकीला वाळ्याचा पडदा लावतो, कूलरचं गवत बदलतो, अंगणात हिरवं कापड बांधतो. छपराकडे पाहिलं तर फार तर चुना मारतो. आणि छपराला जे भोक आहे, म्हणजे वर जाण्याची जागा, तिच्याकडे कुणीच बघत नाही. तिथं बहुतेक घरांत पत्र्याचं एक दार असतं, खाली दोन बोटं फट असलेलं.

या लेखात त्या भोकाचाच विचार करायचा आहे. परभणी–जिंतूर रस्त्यावरच्या आमच्या बोरीत आजही तीन पिढ्यांची घरं एका गल्लीत उभी दिसतात: माळवद, पत्रा आणि स्लॅब. तिन्हींना वर उघडणारी एक जागा आहे. ती कशी झाकायची, कधी झाकायची आणि कधी उघडायची, याचं उत्तर प्रत्येक पिढीनं वेगळं दिलं. माझ्या मते पहिल्या पिढीचं उत्तर सगळ्यात शहाणपणाचं होतं, पण ते ज्या छपरावर उभं होतं ते छप्पर आता परत आणता येणार नाही.

माळवदापासून सुरुवात करू. घर मोजायचं ते खणांत. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. खांबांवर तुळया, तुळयांवर लाकडं, लाकडांवर किलचन, त्यावर पाला-तुराट्यांचा थर आणि सगळ्यावर गढीची पांढरी माती. ही माती पाणी धरत नाही, दबून घट्ट बसते, म्हणून मुद्दाम तीच आणायची. दर पावसाळ्याआधी नवा थर पडायचा. पन्नास वर्षांत ही माती दीड-दोन फुटांवर जायची, काही घरांत त्याहून जास्त. दुपारचं ऊन या मातीत शिरलं की खालच्या बाजूला पोचायला त्याला दहा-बारा तास लागत. तोवर रात्र झालेली असे आणि घरातली माणसं वर माळवदावर निजायला गेलेली असत. उष्णता आत येईपर्यंत घर रिकामं, अशी ती रचना होती.

या मातीच्या छपराला मधोमध एक वीत-दीड वीत रुंदीचं भोक ठेवलेलं असे. कुणी त्याला साणं म्हणतं, कुणी सवणं, कुणी नुसता झरोका. माझ्या आजोळी स्वयंपाकघरावरच्या साण्याला फुटक्या रांजणाचा गळा उलटा बसवलेला होता. त्याच्याभोवती मातीचा उंच काठ, म्हणजे माळवदावरचं पाणी आत येऊ नये. शेजारी शहाबादी फरशीचा एक तुकडा कायम पडलेला. सकाळी चुलीचा धूर सुरू झाला की फरशी बाजूला. स्वयंपाक आटोपून ऊन चढलं की फरशी साण्यावर. संध्याकाळी पुन्हा उघडं. जूनमध्ये आभाळ भरून आलं की आजी खालूनच ओरडायची, "अरे, साणं झाका रे कुणीतरी!" आणि आम्हा पोरांत वर धावायची शर्यत लागायची. फरशी थोडी उघडी राहिली तर जमिनीवर उजेडाचा एक गोल पडायचा, तो भिंतीकडे सरकत जायचा आणि आजी त्यावरून वेळ सांगायची. गोल उतरंडीजवळ आला की आजोबांच्या जेवणाची वेळ.

त्या फरशीच्या तुकड्यात या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. झाकण दिवसभर एकाच स्थितीत नसे. ऊन, धूर, पाऊस, रात्र, प्रत्येकाप्रमाणे त्याची जागा बदले. आज आपण दार एकदा लावतो आणि विसरतो.

आणि ज्यांना घट्ट झाकणं कशाला म्हणतात हे पाहायचं असेल त्यांनी पेव आठवावं. मराठवाड्यात जमिनीत खणलेल्या पेवांत ज्वारी वर्षानुवर्षं ठेवत. पेवाच्या तोंडावर दगड, दगडाच्या कडेनं शेण-मातीचा लेप, वर मातीचा ढीग. आत हवा जायला जागाच नाही, म्हणून कीड टिकत नसे. कणगीचं तोंडही असंच लिंपायचं. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, हा दंडक होता. धान्याच्या श्वासानं आतला प्राणवायू संपून कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो. घाईनं उतरलेली माणसं पेवात मेल्याची उदाहरणं जुन्या लोकांना माहीत होती. हवाबंद करण्याची कला आणि हवाबंद जागेची भीती, दोन्ही आपल्याकडे होत्या. दुसरीचं काम या लेखात पुढे पडणार आहे.

माळवदाचा शेवट कसा झाला हे मराठवाड्यात सांगावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. अनंत चतुर्दशीची रात्र उलटून लोक नुकतेच झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांच्या डोक्यावरचं मातीचं ओझं, दोन्ही झोपलेल्या माणसांवर आलं. ओझं किती, याचा हिशेब करून बघा. दहा बाय दहाची खोली, वर दीड फूट माती. एक घनमीटर दबलेली माती साधारण दीड टनाच्या पुढे भरते. म्हणजे त्या एका खोलीवर साडेसहा टनांच्या आसपास वजन. जी माती घर थंड ठेवत होती तिनंच माणसं गाडली.

त्यानंतर मराठवाडाभर लोकांनी माळवदं उतरवायला सुरुवात केली. माती काढली, लाकूड विकलं, वर पत्रे टाकले. बोरी किल्लारीपासून लांब आहे, पण भीतीला अंतर नसतं. ती भीती निराधारही नाही: २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेला ४.५ तीव्रतेचा धक्का परभणी-नांदेडपर्यंत जाणवला. म्हणून "जुनं माळवदच बरं होतं" असं कुणी म्हणालं की मला पटत नाही. गारव्यासाठी डोक्यावर पुन्हा टनावारी माती घेणं हा मार्ग आता बंद आहे. आपल्याला गारवा हलक्या वस्तूतून मिळवावा लागेल.

हलक्या वस्तूत तो मिळतो, ही चांगली गोष्ट. साधा पांढरा थर्माकोल घ्या. दोन इंची थर्माकोल जेवढी उष्णता अडवतो तेवढी अडवायला साधारण तीन फूट माती लागेल आणि काँक्रीट तर सहा फुटांहून जाड लागेल. त्याच दहा बाय दहाच्या खोलीवर दोन इंची थर्माकोल अंथरला तर त्याचं सगळं वजन नऊ-दहा किलोंच्या आत भरतं. एक फरक मात्र लक्षात ठेवायला हवा. माती उष्णता पोटात साठवून उशिरा सोडते, थर्माकोल साठवत नाही, फक्त अडवतो. त्यामुळे मातीच्या घरात दुपारी जो निवांत गारवा असायचा तो थर्माकोलनं जसाच्या तसा येणार नाही. पण वरून येणारी धग बरीच तुटते.

पत्र्याच्या घरांबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथं झाकणाचा प्रश्न दुसरा येतो. पत्रा मेच्या दुपारी हात लावता येणार नाही इतका तापतो आणि त्याची धग सरळ खाली डोक्यावर येते. लोक पत्र्याखाली जुन्या साड्या, बारदाना, पुठ्ठे बांधतात, वर पऱ्हाट्या किंवा उसाचं पाचट टाकतात. वरच्या पाचटाला आगीचा धोका आहे, ते टाकू नये. खाली सलग छत करून त्यावर थर्माकोल किंवा चकचकीत बबल फॉइल घालणं हाच उपाय. फॉइलची चकचकीत बाजू खाली मोकळ्या हवेच्या पोकळीकडे ठेवली तर तिच्यावर धूळ बसत नाही आणि धग खाली उतरायची कमी होते. असं छत झालं की मगच त्यातल्या पोटमाळ्याच्या झाकणाला अर्थ येतो. उघड्या पत्र्याच्या घरात चार चौरस फुटांचं झाकण उत्तम करून ठेवलं आणि बाकीचं दोन-अडीचशे चौरस फूट छप्पर तसंच तापत राहिलं, तर पैसे वाया गेले.

खरा प्रश्न स्लॅबच्या घराचा आहे आणि आता बोरीत बांधलं जाणारं घर बहुधा तेच असतं. चार-पाच इंची काँक्रीटचा स्लॅब, वर गच्ची, गच्चीवर जाणारा जिना आणि जिन्यावर टोपीसारखी एक छोटी खोली. या टोपीच्या तिन्ही भिंती चार इंची विटांच्या, वर पातळ स्लॅब किंवा नुसता पत्रा आणि दार पत्र्याचं. जिना घराच्या मधोमध असतो, बहुतेक ठिकाणी बैठकीतूनच वर जातो, मध्ये आणखी दार नसतं. म्हणजे सगळ्या घराला जोडलेली एक भट्टी आपण हौसेनं बांधून ठेवलेली असते.

त्या दाराचा हिशेब करून पाहिला. दार साडेसहा फूट बाय अडीच फूट, म्हणजे दीड चौरस मीटर. पश्चिमेकडे तोंड असलेलं पत्र्याचं दार दुपारी चारला ६५ अंशांपर्यंत तापलं आणि आत ३८ अंश आहे असं धरा. त्या पत्र्यातून आत येणारी उष्णता तीनशे वॉटच्या आसपास येते: शंभर वॉटचे तीन जुने बल्ब जिन्यात संध्याकाळपर्यंत लावून ठेवल्यासारखं. त्याच मापाच्या दारात दोन इंची थर्माकोल भरला तर हाच आकडा पंचवीस वॉटच्या आसपास उतरतो. हा हिशेब कागदावरचा आहे, प्रत्येक घरात आकडा थोडा वेगळा येईल, पण फरक दहापटीचा आहे हे खरं.

आता फटींचा हिशेब. दाराच्या चारी बाजू मिळून अठरा फूट लांबी. सगळीकडे फक्त तीन मिलिमीटर फट असली तरी सगळ्या फटी एकत्र केल्या तर पाच इंच लांब आणि पाच इंच रुंद भोक होतं. दाराला पाच इंचांचं आरपार भोक असतं तर आपण त्याच दिवशी सुतार बोलावला असता. फट लांबट असते म्हणून खपून जाते. मेच्या दुपारी त्यातून झळा येतात, वावटळ आली की जिन्याच्या प्रत्येक पायरीवर धूळ, जूनमध्ये पाणी आणि जानेवारीत थंडी. परभणीत काही हिवाळ्यांत पारा ५ अंशांच्याही खाली जातो हे विसरता कामा नये. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतले हे आकडे दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येतात. अशा थंडीच्या रात्री घरातली ऊबदार हवा वर चढते आणि जिन्याच्या दाराच्या फटीतून निघून जाते.

थंड देशांनी हाच प्रश्न उलट्या बाजूनं सोडवला. इंग्लंडमध्ये कौलांच्या खालच्या माळ्यावर २७० मिलिमीटर जाडीची खनिज लोकर अंथरावी अशी शिफारस असते आणि माळ्यावर जाण्याच्या झाकणालाही थर आणि कडेला पट्टी लावायला सांगतात. अमेरिकेत १९७० च्या दशकात प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी न्यू जर्सीतल्या ट्विन रिव्हर्स वसाहतीतली घरं तपासली. माळ्यावर लोकर व्यवस्थित होती, तरी माळ्यातून जाणारी उष्णता हिशेबापेक्षा कितीतरी पट जास्त निघाली. कारण भिंतींच्या पोकळ्या, नळांच्या वाटा आणि अशाच न दिसणाऱ्या फटी. जाड थर घातला आणि फटी तशाच ठेवल्या तर थराचं काम निम्मं वाया जातं, हे तिथून जगाला कळलं. तिकडे हे झाकण हिवाळाभर उघडायचं कारण पडत नाही.

आपली गोष्ट इथं वेगळी होते. स्लॅब दिवसभर तापतो आणि संध्याकाळी सातनंतर ती उष्णता खाली सोडायला लागतो. रात्री दहाला बाहेरची हवा घरापेक्षा गार झालेली असते. तेव्हा जिन्याचं दार घट्ट बंद असेल तर घर मध्यरात्रीपर्यंत उबत राहतं. खालच्या दोन खिडक्या उघड्या आणि जिन्याचं दार उघडं असेल तर गरम हवा जिन्यातून वर निघून जाते आणि खालून गार हवा आत येते. जिना धुराड्यासारखं काम करतो. साण्यानं हेच काम केलं. त्यामुळे बोरीतलं दार दिवसा इंग्लंडच्या झाकणासारखं घट्ट हवं आणि रात्री साण्यासारखं उघडं हवं. दोन्ही एकाच चौकटीत बसवायचं तर चौकटीला दोन पानं हवीत: बाहेर उघडणारं भरीव पान आणि आत उघडणारं डासजाळीचं पान. डेंग्यूच्या भीतीनं रात्री दार उघडं ठेवायला लोक तयार होत नाहीत, जाळीचं पान असलं की होतात.

कूलरवाल्या घरासाठी एक सूचना. कूलर ओली हवा आत ढकलतो, ती बाहेर जायला वाट लागते. घर सगळीकडून घट्ट बंद करून कूलर लावला तर तासाभरात अंग चिकट होतं. ती वाट जिन्याच्या दारातून देऊ नका, उत्तरेकडची सावलीतली खिडकी चार बोटं उघडी ठेवा. पाऊस लागून हवा दमट झाली की कूलर बंदच ठेवावा.

दार कसं करावं ते आता सांगतो. मी हे दोनदा केलंय. पहिल्यांदा बाजारातून तयार पोकळ दार आणलं, ते पहिल्याच पावसाळ्यात कडेनं फुगलं आणि पापुद्रे सुटले. उन्हापावसाच्या तोंडी तसलं दार टिकत नाही. दुसऱ्यांदा गावातल्या सुतारमामांना बोलावलं. त्यांनी चौकटीभोवती हात फिरवला, मोजपट्टी चारही कोपऱ्यांत लावली आणि म्हणाले, "गुरुजी, चौकट काटकोनात नाही. वर पाऊण इंच सरकलीय. अन् फट तर ठेवावीच लागती. पावसाळ्यात लाकूड फुगलं की दार बसत नाही मग."

त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. लाकूड जुलैत फुगतं आणि मेमध्ये आक्रसतं. म्हणजे ज्या महिन्यात झळा सगळ्यात जास्त, त्याच महिन्यात फट सगळ्यात रुंद. म्हणून फट लाकडानं बुजवायची नसते, दबणाऱ्या रबरानं बुजवायची असते. आम्ही पाव इंचाची फट ठेवली आणि चौकटीच्या आतल्या बाजूला चारी बाजूंनी लाकडी पट्टी ठोकली, म्हणजे दाराला टेकायला एक खाच तयार झाली. त्या पट्टीवर रबराची पोकळ गोलसर पट्टी बसवली. दार लावलं की ती निम्मी दबते. स्वस्त फोमची पट्टी एका उन्हाळ्यात भुगा होते, तिच्यावर पैसे घालू नका. गाडीच्या दाराला असतं तसलं काळं रबर टिकतं. दाराच्या खाली उंबरा नसेल तर अर्ध्या इंचाचा उंबरा करून घ्या. फट नेहमी खालीच मोठी राहते आणि पाणीही तिथूनच आत येतं.

दाराचं पान असं: सागाच्या दोन इंच जाड पट्ट्यांचा सांगाडा, मधे एक आडवी पट्टी. सांगाड्यात दोन इंची थर्माकोल अगदी घट्ट बसेल असा कापलेला. बाहेरून बारा मिलिमीटर वॉटरप्रूफ प्लायवूड, आतून सहा मिलिमीटर. बाहेरच्या प्लायवूडवर पांढऱ्या रंगाचा पत्रा, पण प्लायवूडला चिकटवलेला नाही. मधे अर्धा इंच पट्ट्या ठोकून पोकळी ठेवलेली आणि ती वर-खाली उघडी, म्हणजे पत्र्याची धग तिथूनच हवेबरोबर निघून जाते. थर्माकोल चिकटवताना एक चूक मी केली होती. हाताशी होतं ते पिवळं रबराचं चिकट सोल्युशन लावलं आणि डोळ्यांदेखत थर्माकोल विरघळून खड्डे पडले. पांढरा फेविकॉलच वापरा. कडेच्या बारीक फटी सिलिकॉननं भरून घ्या. उंदीर थर्माकोल आवडीनं कुरतडतात, म्हणून खालच्या कडेला बारीक जाळीची पट्टी ठोकलेली बरी. पान तयार झालं की पंचवीस-तीस किलोंच्या पुढे भरतं. दोन बिजागऱ्यांवर ते वर्षभरात खाली झुकतं आणि वरच्या कोपऱ्यातली फट पुन्हा उघडते. चार इंची तीन बिजागऱ्या लावा, चार असतील तर आणखी चांगलं.

कडी एक पुरत नाही. एकाच कडीनं दार मधे दबतं आणि वर-खाली रबराला टेकत नाही. वर एक आणि खाली एक अशा दोन कड्या हव्यात, आणि कोयंडा असा बसवायचा की कडी सरकवताना दार थोडं आत ओढलं जाईल. कडी सरकवायला थोडा जोर लागला की रबर नीट दबलंय असं समजा. रात्री दार उघडं ठेवायचं तर वाऱ्यानं आपटू नये म्हणून भिंतीला हूक आणि साखळी लागते. एप्रिल-मेमधल्या वादळी पावसात उघडं दार एका झटक्यात बिजागऱ्यांसकट निघतं.

ज्यांच्या घरी जिना नाही आणि शिडीनं वर जायला स्लॅबमध्ये चौकोनी भोक आहे त्यांनी हीच रचना आडवी करायची, पण वेगळ्या आकारात. भोकाभोवती स्लॅबवर सहा इंच उंच विटांचा किंवा काँक्रीटचा काठ घालायचा, आजोळच्या साण्याला होता तसा. झाकण डब्याच्या झाकणासारखं असावं, त्याच्या कडा काठाबाहेर दोन-तीन इंच खाली आलेल्या असाव्यात. मग पाणी आत शिरायला वाटच राहत नाही. रबर काठाच्या माथ्यावर बसवायचं. झाकण जड होतं, म्हणून उघडल्यावर पडू नये अशी टेकणी आणि साखळी हवीच. लहान मुलं असतील तर आतून कुलूप.

फार खर्च करायचा नसेल तर? घरातली जुनी वाकळ घ्या, दुहेरी करा, दाराच्या आतल्या बाजूला वरून पट्टी ठोकून लटकवा आणि कडेनं दोन-चार खिळ्यांना अडकवा. वाकळीतले कापडाचे थर आणि त्यांत अडकलेली हवा उष्णता अडवतात. पत्र्याच्या दारावर हा उपाय एका दुपारात होतो आणि फरक त्याच संध्याकाळी कळतो. पावसाळ्याआधी मात्र ती काढून ठेवायची, नाहीतर कुबट वास येतो.

आता पेवाची गोष्ट. घर जितकं घट्ट कराल तितकी आतल्या धुराची काळजी जास्त. ज्या घरात अजून चूल पेटते, आणि गॅस आला तरी भाकरीसाठी आणि अंघोळीच्या पाण्यासाठी चूल पेटणारी घरं आमच्याकडे बरीच आहेत, तिथं साणं कायमचं बुजवू नका. धुराला वाट ठेवा, मग बाकीच्या फटी बंद करा. जानेवारीत बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी घेऊन कधीच झोपू नये; त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्याला जाग येत नाही. गॅस सिलिंडर असलेल्या खोलीत जमिनीलगत एक जाळी उघडी असावी. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साठतो, वरच्या दारातून तो जात नाही. आणि थर्माकोल पेट घेतो, त्याचा धूर विषारी असतो. म्हणून तो कुठंही उघडा राहता कामा नये, दोन्ही बाजूंनी झाकलेलाच हवा, आणि चुलीच्या वरच्या छताला तो लावायचाच नाही.

हे दार केल्यावर घर थंडगार होईल असं मी कुणाला सांगणार नाही. उन्हाचा मोठा वाटा स्लॅबमधूनच येतो. केंद्र सरकारनं डिसेंबर २०१८ मध्ये घरांसाठी 'इको निवास संहिता' आणली. तिच्यात छपराची मर्यादा अशी आहे की एका अंशाच्या फरकाला एका चौरस मीटरमधून १.२ वॉटपेक्षा जास्त उष्णता जाऊ नये. आपल्या उघड्या स्लॅबमधून त्याच्या जवळपास तिप्पट जाते. ही संहिता मोठ्या भूखंडांवरच्या बांधकामांसाठी आहे, गावातल्या घरांना ती लागू नाही. घरकुल योजनेतलं २५ चौरस मीटरचं घरही त्याच उघड्या स्लॅबखाली किंवा पत्र्याखाली उभं राहतं. ज्या कुटुंबाला कूलरही परवडत नाही त्याच्या छपरासाठी काहीच नियम नसावा, हे मला मनापासून चुकीचं वाटतं. तेलंगणनं २०२३ मध्ये थंड छपरांचं स्वतंत्र धोरण केलं. मराठवाड्याला त्याची गरज कमी नाही. घरकुलाच्या नकाशातच दोन इंची थराची आणि जिन्याच्या नीट दाराची तरतूद झाली पाहिजे, घर बांधून झाल्यावर ती करायला पैसे दुप्पट लागतात.

तोवर स्लॅबवर पांढरा चुना किंवा फुटक्या पांढऱ्या टाइल्स, जिन्याच्या टोपीलाही चुना, आणि मग हे दार, असा क्रम ठेवा. दार सगळ्यात शेवटी असलं तरी ते एकट्या सुताराचं दोन दिवसांचं काम आहे, आणि ते गवंड्याशिवाय, परवानगीशिवाय, चालू घरात होतं.

होळीनंतर सुतारांना वेळ नसतो, लग्नसराईची कपाटं आणि पलंग सुरू होतात. तेव्हा माप आत्ताच घेऊन ठेवा. उद्या दुपारी बाराला जिन्यातला दिवा बंद करा, वरचं दार लावा आणि पायरीवर उभे राहून वर बघा. जिथं जिथं उजेडाची रेघ दिसेल तिथं खडूनं खूण करा.